स्टोव्हचा वॉशर

लग्न होऊन परळच्या चाळीत आले तेव्हा आमच्या स्टोव्हच्या टाकीचं झाकण गळत होतं. वॉशर बदलून आणायला मी स्टोव्ह ह्यांच्याकडे दिला. संयुक्त महाराष्ट्राच्या सभेहून परतताना ह्यांनी तो आणला आणि म्हणाले, "बदललाय. बिनधास्त पेटव."

सकाळी पेटवून पंप मारला, तर झाकणातून घासलेट उडालं आणि भडका झाला. ओलं गोणपाट टाकून मी तो विझवला, पण मनगट भाजलं. शेजारणी धावत आल्या. त्यांच्यासमोर हे म्हणाले, "हिला पंप मारायचं कळतच नाही!"

शेजारणी गेल्यावर मी निवलेलं झाकण उघडलं. आत तोच जुना, चिरलेला वॉशर होता. मी तो ह्यांच्यासमोर धरला. हे वर्तमानपत्र घेऊन गॅलरीत गेले. त्यानंतर ह्यांच्या शब्दावर मी कधी काडी ओढली नाही.