पेरूची फांदी

पेरूच्या ओल्या सालीचा वास आला की मला आमचं नेलकटर आठवतं. लेक नोकरीसाठी बंगळुरूला गेली, तेव्हा तिचा लाडका कॉकाटिएल पोपट माझ्या हवाली झाला. मी त्याला प्रेमाने भिजवलेले पोहे आणि मऊ केळं भरवलं. चोच वाढून खाली वळली, तेव्हा म्हटलं, नखासारखीच तर आहे, आणि सरळ नेलकटरने कापली. टोकाला रक्ताचा थेंब आला. पोपट अंग फुगवून कोपऱ्यात बसला, दाण्याला शिवेना. लेकीचा व्हिडिओ कॉल मी तीनदा टाळला. बायकोने स्कूटर काढली. कोथरूडच्या डॉक्टरबाईंनी रक्त थांबवलं आणि म्हणाल्या, "काका, चोचीच्या आत रक्त असतं. कुरतडायला पेरूचं लाकूड द्या, ती आपोआप झिजते." आमच्या सोसायटीत पेरूचं झाड एकच, आणि त्यावर 'पेरू मागू नयेत' ही पाटी लावलेली तळमजल्यावरच्या आजोबांनी. मी भीत भीत फांदी मागितली. "पाटी पेरूंबद्दल आहे," असं म्हणत त्यांनी स्वतः स्टुलावर चढून ती कापून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळताना पिंजऱ्यातून कुरकुर ऐकू आली. पोपट साल सोलत होता, मग दाण्यांकडेही वळला. त्या आजोबांचे उपकार मी अजून विसरलेलो नाही. बायकोने मात्र तेव्हा फांदीचा उरलेला तुकडा माझ्या बशीशेजारी ठेवला आणि म्हणाली, "हा तुम्हाला. तोंडाला काम असलं की हात गप्प बसतात."