बांधलेली बोटं

चिंचेने पितळ घासताना जो आंबट वास सुटतो, त्याने मला ती दुपार आठवते. मी लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचो, आणि पुण्याहून आलेल्या एका सरांनी माझ्या हातात तीनशे वर्षांपूर्वीच्या घडणीचा, नुकताच चिंचेने घासलेला लांबलचक ट्रम्पेट दिला होता. त्याला बटणंच नव्हती. सगळे सूर नुसत्या ओठांनी काढायचे, आणि त्या काळची एक युरोपी धून संध्याकाळी सोलापुरातल्या लोकांसमोर वाजवायची. वरचा सूर सारखा फाटत होता, आणि माझी बोटं नळीवर नसलेली बटणं दाबत होती. त्याच कार्यक्रमात वाजवायला आलेले, शेजारी बसलेले कुंभारी गावचे तुतारीवाले काका शेवटी उठले आणि त्यांनी रुमालानं माझ्या उजव्या हाताची बोटं करकचून बांधली. म्हणाले, "आमच्या तुतारीला कुटं बटणं हायत? सूर आदी मनात म्हण की, मग फुंक." मी फुंकलं, आणि सूर इतका लख्ख लागला की अंगावर काटा आला, सर खुर्चीतून उठलेच. संध्याकाळीही मी तसंच वाजवलं. लोकांना वाटलं, याची बोटं मोडलीत. तो रुमाल अजून माझ्या पेटीत आहे, आणि बटणांच्या ट्रम्पेटवरही सूर हुकायला लागला की मी आधी तोच काढून बोटं बांधतो आणि सूर मनात म्हणून घेतो.