जपलेला उजवा पाय

मी पायाळू. म्हणजे आईच्या पोटातून डोक्याऐवजी पायांनी बाहेर आले, त्यातही उजवा पाय आधी. अशा माणसानं दुखऱ्या कमरेला तीनदा टाच लावली की उसण उतरते, हे आमच्या पिशोरला शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पोलिसात भरती होऊन शहरात आले तेव्हा वाटलं, हे सगळं गावातच राहिलं. कसलं काय! ठाण्यात ज्याची त्याची कंबर गेलेली. कुणाची जीपमध्ये बसून, कुणाची बंदोबस्ताला उभं राहून. एकदा एका हवालदारांना खुर्चीतून उठता येईना, तेव्हा मी पायाळू असल्याचं माझ्या तोंडून निघून गेलं, आणि त्यानंतर दर रविवारी सकाळी मागच्या खोलीत सतरंजी पडायला लागली.

आमचे साहेबसुद्धा पालथे व्हायचे. एरवी ज्यांना खाडकन सलाम ठोकायचा त्यांच्या पाठीला पाय लावायच्या आधी मी ‘माफ करा, साहेब’ म्हणायची. ते उठून म्हणायचे, “लई बरं वाटलं, ताई.” मग मी आठवडाभर ताठ मानेनं फिरायची. पायाळूला जमिनीतलं गुप्तधन दिसतं म्हणतात. त्यावरून बरोबरचे चिडवायचे, “ताई, धन राहू द्या, चोरीच्या दोन मोटारसायकली तरी दाखवा.”

आणि मग माझीच कंबर धरली. क्रांती चौकातल्या बंदोबस्ताहून आले आणि बूट काढायला वाकताच येईना. स्वतःची टाच स्वतःच्या कमरेला कशी लावणार? कुणाला सांगायचीही चोरी. पायाळूची कंबर गेली म्हटल्यावर ठाण्यात हसं झालं असतं, आणि खरं सांगायचं तर तिथं माझी किंमत होती ती या पायामुळं, असं मला वाटायचं. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून घाबरण्यासारखं काही नाही म्हणून सांगितलं. दुखणं मात्र होतं तिथंच. शेवटी तोंडाला स्कार्फ बांधून सिडकोतल्या एका कायरोप्रॅक्टरकडं, म्हणजे हातानं मणके बसवणाऱ्याकडं, गेले.

त्यानं मला कुशीवर वळवलं, खांदा एकीकडं, कंबर दुसरीकडं, आणि कडकन आवाज काढला. मी ओरडलेच. बरं वाटलं, की घाबरून दुखणंच विसरले, ते आजही सांगता येत नाही. मग त्यानं दोन वजनकाटे शेजारीशेजारी मांडून एकेकावर एकेक पाय ठेवायला लावला. डावीकडचा आकडा बराच जास्त.

“उजव्या पायाला कधी मोठं लागलं होतं का?”

“नाही.”

“मग तुम्ही त्याच्यावर उभ्याच का राहत नाही?”

मी खाली पायाकडं बघितलं. लहानपणापासून आई सांगत आली होती, ‘ह्यो पाय जप.’ अनवाणी टाकू नको, ठेच लागू देऊ नको. शाळेच्या प्रार्थनेला मी डाव्या पायावर उभी राहायची. बंदोबस्तालाही तशीच, आठ-आठ तास.

बाहेर आले तर बाकावर हातात फाइल घेऊन साहेब बसलेले. मी सवयीनं टाचा जुळवल्या आणि कमरेत कळ आली. स्कार्फ होता, तरी त्यांनी ओळखलं.

“दोन वर्षं येतोय मी,” ते हळूच म्हणाले.

“मग साहेब, माझा पाय?”

“त्यानंही बरं वाटतं. कुणामुळं किती, ते मला विचारू नका. मलाच कळत नाही.”

त्यांचा राग यावा की दया, हे मला ठरवता येईना. पुढच्या सुट्टीला पिशोरची बस धरली. माझ्या जन्मापासून आईची कंबर अधू आहे. मी गेले की ती गोधडी अंथरून पालथी होते. त्या दिवशीही झाली. मी पाय उचललाच नाही.

“आई, खरं सांग. माझ्या पायानं तुला बरं वाटतं का?”

ती उठून बसली.

“तू तिसरी पोरगी. त्यात उलटी आलेली. तुझी आज्जी तोंड बघंना, मामाकडं टाकून ये म्हणायची. मग एक दिस तुझा पाय कमरेला लावून घेतला अन् वरडले, उतरलं, उतरलं! गल्लीतल्या बाया धावत आल्या. दुसऱ्या दिवसापास्नं आज्जीच तुला काखेत घेऊन फिराया लागली.”

“म्हणजे खोटं?”

“तवा खोटंच. पुढं खरंच बरं वाटाया लागलं. ते कसं, मला काय ठाव नाय.”

मला राग आला. कुणावर, तेही धड कळेना. मी तिला वजनकाट्यांचं सांगितलं, जरा चढ्या आवाजातच. जपलेल्या पायापायी कंबर गेली म्हणाले. तिचा चेहरा पडला आणि मला लगेच वाईट वाटलं.

मग तिनं वाकून माझा उजवा पाय दोन्ही हातांनी धरला. मला वाटलं, कमरेला लावून घेते. तिनं तो शहाबादी फरशीवर दाबून धरला.

“टाक सगळा भार,” ती म्हणाली. “आता तुला कुणी घराबाहीर काढत नाय.”