भाकर मोडताना कापणारे हात

रेव्हरंड शमुवेल खिल्लारे यांची आणि माझी पहिली भेट एका बिघडलेल्या पेटीमुळे झाली. मी तेव्हा बोरीच्या शाळेत शिक्षक होतो आणि दर रविवारी एस.टी.ने जिंतूरला येऊन मंडळीच्या उपासनेत पेटी वाजवत असे. नाताळ तोंडावर आला होता आणि पेटीचा एक सूर असा अडकला होता, की भाता हलवला रे हलवला की तो आपला एकटाच केकाटायचा. परभणीला दुरुस्तीला पाठवायची तर सण निघून जाणार. मी हात टेकले होते. तेवढ्यात नुकतेच बदलून आलेले नवे पाळकसाहेब, म्हणजे हेच खिल्लारे, बाह्या वर सारून सतरंजीवर बसले, पत्नी मार्थाबाई यांच्याकडून शिवणाची सुई मागून घेतली आणि त्यांनी पेटी उघडली. आतल्या त्या पितळेच्या पातळ पट्ट्यांना श्वाससुद्धा जपून लावावा लागतो. पाळकसाहेबांनी सुईच्या टोकाने अडकलेला कचरा असा अलगद काढला, की त्यांचा हात एकदाही हलला नाही.

मी कौतुक केलं तेव्हा ते म्हणाले, "राणीसावरगावात आमचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे, गुरुजी. हात हलला की पाठीत धपाटा बसायचा. तवापासून हात शहाणे झालेत."

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या आठवणीने भाकर मोडून सगळ्यांनी वाटून घ्यायचा विधी. पेटीची जागा मेजाला लागूनच, त्यामुळे मला सगळं जवळून दिसतं. पाळकसाहेबांनी भाकर उचलली आणि मी बघतच राहिलो. सुईचं काम डोळा न लववता करणारे ते हात चक्क थरथरत होते. नवा माणूस आहे, घाबरला असेल, असं मी मनाशी म्हटलं. पण पुढच्या महिन्यातही तेच आणि त्याच्या पुढच्याही. इतकी वर्षं मी त्या मेजाशेजारी बसतो आहे. भाकर मोडताना त्यांचे हात कापले नाहीत असा एकही रविवार मला आठवत नाही.

आज पाळकसाहेब पंचाहत्तर वर्षांचे झाले. गौरव समितीने मला त्यांच्या कार्यावर लिहायला सांगितलं आहे. खरं तर त्यांचं कार्य जिंतूरच्या बसस्थानकाला विचारावं. कापडी पिशवी खांद्याला अडकवून ते ज्या गाडीत चढले नाहीत अशी गाडी तालुक्यात नसेल. माझी पत्नी परभणीला दवाखान्यात होती तेव्हा रोज दुपारी डबा घेऊन यायचे, आणि डबा उघडून झाला की बाजूच्या खाटेवरच्या अनोळखी म्हाताऱ्यालाही त्यातली भाजी वाढायचे. माझी पत्नी एकदा वैतागून म्हणाली, "साहेब, माझ्यासाठी आणता की गावासाठी?" दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन डबे आणले. दोषही सांगून टाकतो, म्हणजे हा लेख अगदीच आरतीसारखा वाटणार नाही. त्यांचं प्रवचन लांबतं. त्यांनी दुसरा मुद्दा काढला की बोरीची गाडी चुकली हे आम्ही समजून जायचो.

पण मला त्यांच्याकडून जे मिळालं ते प्रवचनांपेक्षा त्या हातांकडे बघून जास्त मिळालं. आपल्याकडे 'देवाचं भय' हे शब्द फार सैल वापरले जातात. लेकरू ऐकत नसलं की 'देव बघतोय' म्हणून दटावायचं, आणि मग तेच लेकरू मोठं होऊन देवाला पोलीसपाटील समजतं. पाळकसाहेबांना ते मुळीच पटत नसे. एकदा ते म्हणाले होते, "ओली बाळंतीण तुमच्या हातात लेकरू देते, तेव्हा भ्या वाटतं ना? ते लेकरू काही तुम्हाला मारणार नसतं. आपल्या हातून काही वेडंवाकडं होऊ नये, एवढंच ते भ्या असतं. म्हणून कुणी लेकरू घ्यायचं टाळतं का? उलट दोन्ही हातांनी घेतं." मला वाटतं, एवढ्या लहान वाक्यांत त्यांनी पुन्हा कधीच काही सांगितलं नाही.

हे सगळ्यांना पटत होतं, फक्त सुंदराबाईंना पटत नव्हतं.

सुंदराबाई आमच्या बोरीच्याच. रविवारी आम्ही एकाच गाडीने जिंतूरला यायचो. त्या कधी उपासना चुकवायच्या नाहीत, गीतं त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ. पण आमच्याकडे प्रभुभोजनाआधी, ज्यांना ते घ्यायचं नसेल त्यांनी बाहेर जायचं आणि मग दार लोटून घ्यायचं अशी जुनी रीत आहे. दार लोटायच्या आधी सुंदराबाई पदर सावरत उठायच्या आणि खिडकीखालच्या दगडावर जाऊन बसायच्या. का, ते त्यांनीच मला एकदा गाडीत सांगितलं. पाळकसाहेब जिंतूरला येण्याच्या कितीतरी आधी, एका रविवारी सकाळी सासूशी कडाक्याचं भांडण करून त्या तशाच उपासनेला आल्या आणि त्यांनी भाकर घेतली. त्याच आठवड्यात त्यांची लहानगी मुलगी तापाने गेली. पुढे बाहेरगावचा कुणी उपदेशक आला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला, की मनात भांडण ठेवून पवित्र भाकरीला हात लावलास, त्याचीच ही शिक्षा. तो माणूस पुढच्या गाडीने निघून गेला. बाईंच्या काळजात मात्र ते कायमचं रुतलं. त्या माणसाचा मला आजही राग येतो.

पाळकसाहेबांना हे कळलं तेव्हा ते बोरीला त्यांच्या घरी गेले. मी बरोबर होतो. ते म्हणाले, "सुंदराबाई, ते बोलणं खोटं होतं. देव असं लेकरू हिसकावून हिशोब चुकता करत नाही. तुमच्या मुलीसाठी तोही रडला असेल."

सुंदराबाईंनी चहाची कपबशी पुढे सरकवली आणि म्हणाल्या, "तुमी चांगलं माणूस हाव, सायेब, म्हणून असं म्हणायलाव. पर माझं राहिलेलं एक पोरगं हाय. मला पुन्हा हात लावायचं न्हाई."

परत येताना मी चिडून म्हटलं, "तुम्ही जरा ठासून सांगा ना. किती वर्षं बाई दगडावर बसणार?" पाळकसाहेब म्हणाले, "ठासून सांगणाऱ्यानेच तिला तिथं बसवलंय, गुरुजी."

मग तो शनिवार आला. सरावासाठी मी जिंतूरला पोचलो तर देवळात (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) पेटीच नाही. पाळकसाहेब त्या दिवशी कशाने तरी आधीच बेजार झालेले. गायनमंडळातल्या सगळ्या बायाबापड्यांदेखत त्यांनी मला विचारलं, "मंडळीची वस्तू म्हणजे तुमच्या घरची समजता काय? कुणाला देऊन आलात?" मी हातही लावलेला नव्हता. पण आमचं बोरीचं डोकं! मी उलट उत्तर न देता चपला घातल्या आणि आलेल्या गाडीने परत गेलो. पेटी नेली होती शेजारच्या किराणा दुकानवाल्या महादअप्पांनी. त्यांच्या घरी नातीचं बारसं होतं, महादेवाची भजनं म्हणायची होती, आणि मार्थाबाईंनी ती आनंदाने दिली होती. फक्त नवऱ्याला सांगायचं विसरल्या. संध्याकाळी अप्पांनी पेटी परत आणली, वर घुगऱ्या ठेवून, तेव्हा पाळकसाहेबांना सगळं कळलं.

रविवारी मी मुद्दामच उपासना सुरू होता होता पोचलो. त्यांच्याकडे न बघता पेटीवर बसलो. त्यांना माझ्याशी बोलायला सवड मिळू नये, हाच माझा डाव होता. शेवटी प्रभुभोजनाची वेळ झाली. सुंदराबाई नेहमीप्रमाणे उठून बाहेर गेल्या. दार लोटलं गेलं. पाळकसाहेबांनी भाकर उचलली. त्यांचे हात नेहमीपेक्षा जास्त कापायला लागले, आणि त्यांनी भाकर पुन्हा तबकात ठेवून दिली.

ते मेजापासून खाली उतरले, पेटीपाशी आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "गुरुजी, काल मी तुम्हाला चारचौघांत खोटं ठरवलं. चूक माझी होती. मला माफ करा. तुमच्याशी वाकडं ठेवून त्या भाकरीला हात लावायचं मला भय वाटायलंय."

माझा राग तसा दुपारच्या जेवणापर्यंत टिकणाऱ्यातला होता. पण ते समोर उभे होते, डोळ्यांत पाणी होतं आणि हात अजून थांबले नव्हते. मी उठून ते हात धरले. "केलं माफ, साहेब. जा आता, भाकर वाट बघतीय," एवढंच मला बोलता आलं. ते परत गेले. त्या दिवशी भाकर घेताना मला पहिल्यांदाच आपण काय घेतो आहोत याची जाणीव झाली.

खिडकी उघडीच होती. उपासना संपून आम्ही बाहेर आलो तर सुंदराबाई पायरीपाशी उभ्या. त्यांनी पाळकसाहेबांना अडवलंच.

"सायेब, तुमाला बी भ्या वाटतंय?"

"वाटतं की. लय वाटतं."

"मग तुमी पळून काहून गेला न्हाईत? मी तर दर बारीला भाईर पळते."

पाळकसाहेब तिथेच पायरीवर टेकले. मग म्हणाले, "कुठं पळू, बाई? ज्याचं भ्या वाटतं, भाकर त्याच्याच घरी हाय. भ्या वाटलं म्हणून मी गुरुजींकडं गेलो. भांडण मिटवून पुन्हा त्याच्याकडंच आलो. तुमी भाईर बसलाव तरी तो तुमच्यावर रागावलेला न्हाई. ताट वाढून बसलाय."

सुंदराबाई गाडीला निघाल्या. बोरी येईपर्यंत त्या गाडीच्या खिडकीबाहेर बघत होत्या.

पुढच्या महिन्यात दार लोटायची वेळ आली. सुंदराबाई उठल्या. मला वाटलं, झालं, गेल्या. त्या दोन पावलं दाराकडे गेल्या, थांबल्या, आणि वळून थेट मेजाकडे चालत आल्या. पाळकसाहेबांनी भाकरीचा तुकडा पुढे केला. इकडे त्यांचे हात कापत होते, तिकडे बाईंचे. तुकडा खाली पडतो की काय म्हणून माझा जीव खालीवर झाला. तेव्हा सुंदराबाईंनी आपल्या डाव्या हाताने त्यांचं मनगट खालून धरलं, लेकराच्या मानेखाली हात घालतात तसं, आणि उजव्या हातात भाकर घेतली. मग त्या तिथेच बसून मोठ्याने रडल्या. आम्ही कुणी त्यांना गप्प केलं नाही. मला गीत सुरू करायचं होतं, ते मी तीनदा चुकलो.

महादअप्पा लिंगायत. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी गळ्यातल्या लिंगाला हात लावला. "आमी बी पूजेला लिंग तळहातावर घेतो, गुरुजी. ज्याचा हात थोडा बी कापत न्हाई त्यानं काय घेतलंय हे त्याला ठावंच नसतंय," ते म्हणाले. पाळकसाहेबांच्या गौरवाला अप्पा पहिल्या रांगेत असणार आहेत, हे वेगळं सांगायला नको.

आता पाळकसाहेब निवृत्त आहेत. पण नव्या पाळकांकडे बरीच गावं असल्याने महिन्याच्या पहिल्या रविवारी मेजाजवळ अजून तेच उभे राहतात. मध्यंतरी त्यांच्या मुलाने हातांच्या कापण्याची धास्ती घेऊन त्यांना परभणीला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी त्यांना लिहायला लावलं, भरलेला पेला धरायला लावला, सुईत दोरा ओवायला लावला. दोरा पहिल्याच प्रयत्नात ओवला गेला. डॉक्टर म्हणाले, यांना काही झालेलं नाही. मुलगा गोंधळला. मार्थाबाई मात्र हसत होत्या, हे हात फक्त भाकरीपाशीच कापतात हे त्यांना लग्नापासून माहीत होतं.

तरीही समितीच्या बैठकीत कुणीतरी सुचवलं, की पाळकसाहेबांचे हात स्थिर व्हावेत म्हणून सगळ्यांनी खास प्रार्थना करावी. आता केस पांढरे झालेल्या सुंदराबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या ताडकन उठल्या. "आयुष्य मागा, तब्येत मागा, काय मागायचं ते मागा. पर त्या हाताला हात लावू नका. ते हात कापले म्हणून मी घरात आले."

तेव्हा सुंदराबाईंचंच मागणं मी इथे मांडतो. पाळकसाहेब, प्रभू तुम्हाला उदंड आयुष्य देवो, मार्थाबाईंची सोबत देवो. तुमचे गुडघे बोरीच्या गाडीची पायरी चढत राहोत. माझी पेटी बिघडेल तेव्हा तुमच्या हातातली सुई तसूभर न हलो. आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी, दार लोटल्यावर, तुमचे हात असेच कापत राहोत. मनगट धरायला आम्ही आहोत.