मंदाची पाटी

मंदाचा आवाज मी शेवटचा ऐकला तो आदल्या दिवशी, फोनवर. "उद्या अकराला ये. आन् येताना वडापाव आनू नको, घशाला तेल बसतं." एवढंच. दुसऱ्या दिवशी अकराला मी तिच्या दारात होते आणि दोनच्या आत लोणावळ्याच्या दवाखान्यातले डॉक्टर बाहेर येऊन मान हलवून गेले. मधले तीन तास ती माझ्या शेजारी होती, पण एक शब्द बोलली नाही. भेटायला आलेले लोक विचारतात, शेवटी काय म्हणाली हो? आता त्यांना काय सांगू... तिला बोलायला बंदी होती, आणि ती बंदी राखणारी मी होते.

मंदा सुदुंबऱ्याची. गिटार घेऊन स्वतःची गाणी गायची, घरी बोलायची त्याच भाषेत: कंपनीच्या बसची वाट बघणाऱ्या बायकांची, वाटणीत गेलेल्या बांधाची, न झालेल्या लग्नाची. मी तळेगावच्या शाळेत संगीत शिकवायचे. नऊ वर्षं शिकवलं, मग एका स्नेहसंमेलनात तिला ऐकलं आणि ढोलकी उचलून तिच्यामागे निघाले. घरचे म्हणाले, हिला भिकेचे डोहाळे लागले. लागले तर लागले. अकरा वर्षं आम्ही दोघी एका जुन्या पांढऱ्या व्हॅनमधून हिंडलो. ना मॅनेजर, ना कंपनी. वाचनालयं, कॉलेजं, कॅफे, कोणाच्या गच्चीत, कोणाच्या गोठ्यासमोर. नगरला गादीत ढेकूण, चिपळूणला नळाला पाणी नाही, सोलापुरात स्पीकरच्या जागी लग्नातला भोंगा. गाडी मी चालवायची, फोन मी घ्यायचे, भांडणं मी करायची. गाणं तेवढं तिचं.

सुरुवातीला मंदा अखंड बोलायची. शिरगावच्या एका मंगल कार्यालयात आमचा कार्यक्रम होता. वाटभर ती माझ्याशी बोलली, पोचल्यावर खुर्च्यांवरून आयोजकाशी तासभर वाद घातला, आणि दुसऱ्याच गाण्याला आवाज फाटला. तिथल्या प्रतिशिर्डीत साईंच्या दर्शनाला आलेली माणसं गाणं ऐकायला थांबली होती, ती एकेक करून उठली. परतताना ती व्हॅनमध्ये ढसाढसा रडली आणि म्हणाली, "तू माझी पोलीस हो बाई. कार्यक्रमाच्या दिशी मी तोंड उघाडलं की हान मला." दुसऱ्याच आठवड्यात लोणावळ्याच्या बाजारातून तिने लहान मुलांची पाटी आणली, लाकडी चौकटीची. तेव्हापासून कार्यक्रमाच्या दिवशी उठल्यापासून मौन. दिवसातला पहिला शब्द गाण्याचा, आणि तो लोकांसमोर. आणि मी पोलीस. शाळामास्तरीणच मी, मला ते काम आवडलं. खोटं कशाला बोलू, फार आवडलं.

त्या पाटीच्या गमती मी शंभरदा सांगितल्या असतील. वडगावला हवालदाराने गाडी अडवली, तर ही पाटीवर लिहून उत्तरं देतेय. तो बिचारा म्हणाला, "मुक्या बाईला कशाला त्रास देऊ मॅडम, जावा." एकदा घाटात मी जोरात ब्रेक मारला आणि गिटारची पेटी तिच्या कपाळावर आदळली. रक्त आलं. पण हिच्या तोंडून हूं की चूं नाही, पाटीवर लिहिलं, "आधी गिटार बघ." ही गोष्ट मी मोठ्या अभिमानाने सांगायचे. आणि दुपार कलली की एक खेळ ठरलेला असायचा. ती डॅशबोर्डवर पाटी दोनदा वाजवायची, तिच्यावर लिहिलेलं असायचं, "बोलू का?" मी वळूनसुद्धा न बघता म्हणायचे, "थांब जरा." ती हसायची, ओढणीच्या टोकाने पुसायची. अकरा वर्षांत हे किती वेळा झालं असेल... मोजायचं कोणी.

त्या रविवारी खंडाळ्याला एका बंगल्याच्या लॉनवर कार्यक्रम होता. दोन महिन्यांनी पहिलाच, म्हणून तीही हट्टाला पेटलेली आणि मीही. दारात तिचे वडील उभे होते, आम्ही सगळेच त्यांना आबा म्हणतो. म्हणाले, "रातभर झोपली न्हाई ती. पाठ लय दुखती म्हनत व्हती. मी म्हनलं आज ऱ्हाऊ दे, तर ऐकती कुटं." मागून मंदा आली आणि पाटी दाखवली, "पित्त. चल." मी म्हणाले, "आबा, मी आहे ना. मी बघते." असं मी म्हणाले.

तळेगाव सोडल्यावर माझ्या लक्षात आलं की ती खिडकी उघडून बसलीय आणि तरी कपाळावर घाम आहे. विचारलं, तिने लिहिलं, "ठीक." वडगावला पुन्हा विचारलं, तिने तोच शब्द बोटाने दाखवला. कामशेतला हाताने खूण करून गाडी थांबवायला लावली आणि दारातून वाकून ओकली. मी पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, "डॉक्टरकडे जाऊ या का?" तिने लिहिलं, "गाऊन जाऊ." तिथेच मी म्हणायला हवं होतं, मंदे, खड्ड्यात गेलं गाणं, बोल, नीट तोंडाने सांग काय होतंय. पण माझ्या मनात काय आलं? की ओकारीने घसा आधीच सोलला असेल, त्यात बोलली तर संध्याकाळी काय उरेल. हे आलं माझ्या मनात. लिहिताना लाज वाटते, पण आलं.

कार्ला फाट्यापासून गाड्यांची रांग लागली होती. रविवार म्हटलं की अख्खी मुंबई आणि अर्धं पुणे आमच्या उरावर. इंच इंच सरकायचं, जरा फट पडली की शेजारचा घुसतो, मागचा हॉर्नवरून हात काढत नाही. बंगल्यावरून दोनदा फोन येऊन गेला होता, कुठवर आलात म्हणून. माझं डोकं तापलेलं. तेवढ्यात डॅशबोर्डवर पाटी वाजली, दोनदा. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. "बोलू का?" अक्षर तिरकं गेलं होतं. पुढची गाडी चार बोटं हलली, मागच्याने हॉर्न दाबून धरला, आणि मी म्हणाले, "थांब जरा."

ती थांबली. तिने नेहमी ऐकलं माझं.

पाच-सात मिनिटांनी पेन्सिल पडून गिअरपाशी घरंगळत आली. मंदा पेन्सिल कधी पाडायची नाही, तुटते म्हणून. मी वळून पाहिलं तर तिचं डोकं काचेला टेकलेलं, आणि हाक मारली तर उत्तर नाही. मी ओरडत खाली उतरले. कडेला कणसं भाजणारी एक मावशी होती, ती धावत आली, आत डोकावली आणि म्हणाली, "आगं बाई, हितं थांबू नको, उलट्या अंगानं काढ गाडी. मी आडवते लोकान्ला." आणि खरंच ती बाई हातातला पंखा घेऊन समोरच्या गाड्यांपुढे जाऊन उभी राहिली. तिच्यामुळे दवाखाना गाठला. पण ते पित्त नव्हतं, हृदयाचा झटका होता, आणि उशीर झाला होता. डॉक्टरांना विचारलं, फाट्यावरूनच तडक आणलं असतं तर? ते म्हणाले, "ते आता विचारू नका." मी तर रोज विचारते.

तेराव्यानंतर आबा माझ्याकडे तळेगावला आले. व्हॅन दारातच उभी होती. म्हणाले, "तिची पाटी दाव." मी डॅशबोर्डवरून काढून दिली. आबा चौथीपर्यंत शिकलेले, बोट ठेवून वाचलं, "बो... लू... का." मग मी सगळं सांगितलं. खेळ काय होता, मी काय म्हणाले, का म्हणाले. काही लपवलं नाही. वाटलं, एक थोबाडीत देतील तर बरं होईल. आबांनी पाटी मांडीवर घेतली. "तू गाडी चालवत व्हतीस," एवढंच म्हणाले. मग पाटी उराशी न्यावी तशी उचलली आणि पुन्हा होती तिथे नेऊन ठेवली. म्हणाले, "पुसू नको."

पुसलेली नाही. इथल्या दमट हवेत अक्षरं फिकी होतील म्हणून वर प्लास्टिक लावलंय. ढोलकी अजून उघडलेली नाही, पण गाडी चालवावी लागते. भाचीला क्लासला सोडते, कधी शेजारच्या काकूंना स्टेशनवर. आणि एक सवय लागलीय. शेजारी बसलेल्या माणसाने नुसतं खाकरलं, हात हलवला, तोंड उघडून पुन्हा मिटलं, तरी मी गाडी बाजूला घेते, बंद करते, त्याच्याकडे पूर्ण वळते आणि म्हणते, "बोला." बहुतेकदा काही नसतंच. काच खाली करायची असते, नाहीतर पाणी हवं असतं. भाची वैतागते, म्हणते, "मावशी, चालू गाडीत सांगितलं असतं ना." मागचे हॉर्न वाजवतात.

वाजवू देत.