कच्चे तांदूळ

खामगावला वसतिगृहात राहत होते तेव्हा माझी रूममेट जानेफळची होती. कॉलेज सकाळी सातला भरायचं आणि मेसमधले पोहे आठनंतर व्हायचे. त्यामुळे बहुतेक मुली चहा-टोस्टवर निघायच्या. ती टोस्टही घ्यायची नाही.

"मले सकाळी भूकच नाही लागत वं," म्हणायची.

पण वेणी घालून झाली की खाटेवर बसून डब्यातले कच्चे तांदूळ चावायची. कर्र, कर्र. लग्नात पाऊस पडेल म्हणून आम्ही चिडवायचो. तीही हसायची.

हळूहळू तिचा चेहरा पिवळट दिसू लागला. जिना चढताना मध्येच कठड्याला धरून थांबायची. घरी कळवू का विचारलं, तर म्हणाली, अभ्यासाचा शीण आहे, परीक्षा झाली की जाईल. ती बारीक झाली म्हणून काहींना तिचा हेवाच वाटायचा.

एकदा प्रॅक्टिकल चालू असताना ती उभ्या उभ्या कोसळली. दवाखान्यात डॉक्टरबाईंनी तिची पापणी खाली ओढून पाहिली आणि मला विचारलं, ही माती, खडू, तांदूळ असलं काही खाते का. अंगात रक्त फार कमी झालं की अशी इच्छा होते, हे मला तेव्हा कळलं. तिला अकोल्याला हलवलं. रक्तही दिलं. पण हृदय थकून गेलं होतं. ती परत आलीच नाही.

नंतर पहाटे डोळे उघडायच्या आधी मला तो कर्र, कर्र आवाज यायचा. डोळे उघडले की थांबायचा. समोर नुसती गुंडाळलेली गादी. मी कोणाला बोलले नाही. त्या खाटेवर नवी मुलगी आली, आठवडाभरात तिने खोली बदलून मागितली. का, ते मी विचारलं नाही. आता माझं स्वतःचं घर आहे, तरी एखाद्या पहाटे तो आवाज येतो.

ती गेल्यावर तिचं सामान न्यायला जानेफळहून तिचे वडील आले होते. ट्रंक भरून झाल्यावरही बसून राहिले. भाकर खाल्ल्याशिवाय तिची आई तिला शाळेत जाऊ देत नसे, असं सांगत होते. मग म्हणाले, "इथं सकाळी काय खाये ते?"

"चहा घ्यायची, काका. आणि तांदूळ."

"कच्चे?"

"हो."

त्यांनी उठून ट्रंक उचलली. मी फाटकापर्यंत सोबत गेले. रिक्षात बसताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"तू खात जाय, माय."

मी मान हलवली.