आतोबांची हिरवळ

देवाने जग घाईघाईत उरकलं आणि उरलेली दुरुस्ती आपल्यावर सोपवली, अशी माझ्या आतोबांची ठाम समजूत होती. ते निवृत्त चित्रकला शिक्षक. लग्नाच्या पंगतीतसुद्धा पानातला वाकडा वाढलेला भात आधी सरळ करायचे, मग जेवायचे.

त्या सुमारास तारापूरला अणुवीज केंद्राचं काम चालू होतं. तिथल्या साहेबांच्या बंगल्यापुढची हिरवळ आतोबांनी सायकलवरून जाताना पाहिली आणि घरी येऊन आत्याला सांगितलं, "आपण आजवर खळ्यात राहत होतो!" झालं! शेणाने सारवलेलं अंगण खणलं गेलं. दोरी आणि गवंड्याचा गुण्या लावून काटकोनात गवत रोवलं, कडेने चुना फासलेल्या विटा तिरक्या पुरल्या, फाटक आलं, फाटकावर पाटी आली : 'हिरवळीवर चालू नये'. मी भाचा असूनही कुंपणाला अंग घासत घरात शिरायचो. गुलाबाला मासळीचं खत मानवतं असं कुणीसं सांगितलं, तर आतोबांनी आळ्यांत सुका जवळा पुरला. गुलाबाला कळी आली एक, मांजरं आली गावभरची. आठवडाभर आतोबा काठी घेऊन पहाऱ्याला!

पण खरी पंचाईत झाली ती आत्याची. नवापूरची पारूबाई वीस वर्षं त्याच अंगणात मासळीची पाटी उतरवत असे. मग आळीतल्या बायका जमायच्या, तासभर गप्पा रंगायच्या. आत्याला मूलबाळ नव्हतं. त्या तासावर तिचा दिवस निघायचा. आता पारूबाई फाटकाबाहेरच थांबू लागली.

"आत ये की गं," आत्या म्हणायची.

"नाय बाय, पाटीचा पानी गवतावर गलल. आमी हितंच बऱ्या."

फाटकावरून मासे देऊन ती निघून जायची. बायकाही पांगल्या. एका संध्याकाळी आतोबांनी कौतुकाच्या अपेक्षेने विचारलं, "कसं दिसतंय?"

"छान," आत्या म्हणाली. "आता कुणी येत नाही, त्यामुळे मळतही नाही."

आतोबा जेवले नीट, पण भात सरळ करायला विसरले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर हिरवळीच्या मधोमध खुंटी रोवून, दोरी फिरवून ते गोल आखत होते. आतलं गवत उपटून त्यांनी ती जागा स्वतः सारवली, 'चालू नये'ची पाटीही काढली आणि फाटक उघडून उभे राहिले. पारूबाई आली.

"मास्तर, गवत कुनी खाल्ला?"

"कीड लागली," आतोबा म्हणाले. "ये, उतरव पाटी."

माझी आत्या त्या दिवशी किती हसली!

पुढे आत्या गेली. गुलाब गेले, हिरवळ वाळली, विटांचा चुना उडाला. तो गोल मात्र आतोबा सारवत राहिले. एकट्या माणसाला मासळी ती कितीशी लागणार? पण पारूबाई रोज पाटी उतरवायची, तासभर बसायची. आत्याची जागा सोडून.